फाट्यावरचा माणूस

पावसाळा सरला, घरोघरच्या गोधड्या उन्हात पडल्या, की आमच्या अंबरनाथच्या वसाहतीत संध्याकाळी कट्ट्यावर एकच विषय निघतो. यंदा गाड्या केव्हा काढायच्या? गाड्या म्हणजे आमच्या मोटारसायकली. कामावर जाण्यासाठी हप्त्यांवर घेतलेल्या, मागे गॅसचा सिलिंडर बांधून आणणाऱ्या, पोरांना शाळेत सोडणाऱ्या. शंभर-सव्वाशे सी.सी.च्या या गाड्यांना वर्षभर घर आणि कारखाना एवढेच ठाऊक असते. आश्विनात एकदा आम्ही त्यांना घाट दाखवतो.

सहलीला जायचे तर सरळ बस करावी, दोन चाकांवर जीव कशाला टांगावा, असे आमच्या घरी सुरुवातीला पुष्कळ बोलले गेले. बोलणे रास्तच होते. आठवड्यात एक सुटीचा दिवस घरच्यांना मिळतो, तोही रस्त्यावर घालवायचा, वर पेट्रोलचा खर्च. या आक्षेपाला माझ्याजवळ आजही धड उत्तर नाही. परंतु पहाटेच्या गारव्यात, भाताच्या खाचरांमधून जाणारा रिकामा रस्ता ज्याने आपल्याच गाडीवरून एकदा पाहिला, त्याचे मन बसच्या खिडकीत रमत नाही, हे मी अनुभवाने सांगतो.

२०१६ साली पहिल्यांदा गेलो तेव्हा चारच गाड्या होत्या आणि सगळे पुरुष. पुढच्या वर्षी पोस्टात काम करणाऱ्या ताईंनी विचारले, "बायकांना घाट चढत नाही असं कुठं लिहिलंय का?" आणि त्या स्वतःची स्कूटर घेऊन, मागे मुलीला बसवून आल्या. तेव्हापासून जोडीने येणारेही वाढले. दसऱ्याला निम्मी वसाहत दीक्षाभूमीवर असते, म्हणून त्यानंतरचा आणि दिवाळीच्या आधीचा एखादा शनिवार-रविवार धरायचा, असे ठरून गेले. पाऊस गेलेला असतो, डोंगर अजून वाळलेले नसतात. असे दिवस वर्षात फार तर पंधरा-वीस मिळतात.

आमचा रस्ता ठरलेला. कल्याण, मुरबाड, सरळगाव, टोकावडे, मग माळशेज घाट. घाट चढून वर गेले की बनकर फाट्याला उजवीकडे वळायचे, गणेशखिंड ओलांडायची आणि जुन्नर. तिथे आमच्यातल्या मास्तरांच्या मेहुण्यांकडे मुक्काम. दुसऱ्या दिवशी सकाळी जुन्नरहून पश्चिमेला, आपटाळे, चावंड, घाटघर या आडरस्त्याने नाणेघाटापर्यंत. खरी मजा या शेवटच्या रस्त्याची. महामार्गावर ट्रक असतात, हॉर्न असतात. इथे तासाभरात एखादी एसटी आणि दोन-चार दूधवाले दिसले तर दिसले. रस्ता अरुंद, मधूनमधून खडी उखडलेली. एका बाजूला माणिकडोह धरणाचे पाणी काठोकाठ, दुसऱ्या बाजूला चावंडचा किल्ला. हळवे भात पिवळे पडून कापणीला आलेले, गरवे अजून हिरवे, म्हणून एकाच उतारावर दोन रंगांची खाचरे. बांधावर सोनकीची पिवळी फुले, ओल्या उतारावर उरलासुरला गुलाबी तेरडा. दहा वाजेपर्यंत हवेत गारवा असतो. मग ऑक्टोबरचे ऊन हेल्मेटच्या आत शिरते.

वाटेत शिवनेरीच्या पलीकडच्या बाजूला तुळजा लेणी आहेत. बारा अष्टकोनी खांबांच्या मधोमध स्तूप, असा तिथला गोल चैत्य पाहून आमचा रिक्षावाला मित्र पहिल्यांदा गप्प झालेला मी पाहिला. मास्तरांनी तिथे आम्हाला सांगितले की जुन्नरच्या लेण्यांतल्या लेखांत बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि काशाची भांडी घडवणाऱ्यांच्या श्रेणींची नावे आहेत. मी फिटर आहे. दोन हजार वर्षांपूर्वी हाताने काम करणाऱ्यांची नोंद दगडात राहिली, हे ऐकून मला जे वाटले ते नीट सांगता येणार नाही.

नाणेघाटाच्या तोंडाशी सातवाहनांची राणी नागनिका हिचा ब्राह्मी लिपीतला लेख आहे, आणि जकातीची नाणी ज्यात टाकत असे सांगतात तो दगडी रांजण. कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांचा माल याच घाटाने वर जुन्नरला आणि पुढे पैठणला जाई. कड्यावर उभे राहिले की खाली वैशाखरे गाव आणि मुरबाडचा रस्ता दिसतो. आदल्या दिवशी आपण जिथून गेलो, तोच रस्ता. दीड दिवस गाडी चालवून आपण आपल्याच डोक्यावर येऊन उभे राहिलेले असतो. दरवर्षी कोणीतरी हे नव्याने शोधून काढतो आणि दरवर्षी आम्ही हसतो.

आता आमच्या काकांविषयी सांगायला हवे. काका एसटीतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेले. या भागात त्यांनी अनेक वर्षे मुक्कामाची गाडी चालवली, रात्री गाडीतच झोपले. प्रत्येक वळण, प्रत्येक फाटा पाठ. सहा गाड्या एकत्र न्यायच्या तर त्या कशा न्यायच्या, हे सगळे त्यांनीच आम्हाला शिकवले. पुढे रस्ता जाणणारा एक, शेवटी गाडी दुरुस्त करता येणारा एक. सगळ्यांत हळू चालणारी गाडी पुढच्याच्या लगेच मागे, म्हणजे चाल तिच्या बेताची राहते. सरळ रस्त्यावर एक डावीकडे, एक उजवीकडे असे तिरपे चालायचे. घाटात मात्र एकामागे एक. पुढच्या गाडीने विजेचा खांब ओलांडला की "एकशे एक, एकशे दोन" म्हणायचे; ते म्हणून होण्याआधी खांब आपल्याला आला तर आपण फार जवळ आहोत. चढताना जो गिअर लागतो त्याच गिअरमध्ये उतरायचे, नुसत्या ब्रेकवर उतरले तर ड्रम तापून ब्रेक धरत नाही. मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट हवेच. आपसात ओव्हरटेक नाही.

आणि सगळ्यांत मोठा नियम फाट्याचा. जिथे रस्ता फुटतो तिथे पुढच्याच्या मागचा माणूस थांबणार. गाडी कडेला, गळ्यात पिवळा कपडा. काकूंच्या जुन्या साडीचे चार तुकडे काकांनी त्यासाठी कापून आणले होते. सगळ्यांत शेवटची गाडी डोळ्यांनी दिसेपर्यंत त्या माणसाने फाटा सोडायचा नाही. दहा मिनिटे लागोत, तास लागो.

२०१८ साली मी तो फाटा सोडला.

त्या वर्षी माझी नवी गाडी होती. दीडशे सी.सी., हप्ता अजून सुरूच. वसाहतीतल्या सगळ्या गाड्यांत तीच मोठी, आणि ती मला सबंध माळशेज घाट दुसऱ्या गिअरवर, शेजारच्या वायरमनच्या जुन्या गाडीच्या मागे चालवावी लागली. वायरमन म्हणजे आमचे भिंतीला भिंत लागून शेजारी. मागे वहिनी बसलेल्या. शंभर सी.सी.ची गाडी दोन माणसे घेऊन चढावर जशी चालते तशीच ती चालत होती. मी मनातल्या मनात चरफडत होतो. घाटात बोगद्याच्या पुढे सगळे थांबलो. वहिनींना धबधब्याची उरलेली धार पाहायची होती, फोटो काढायचा होता. काका म्हणाले, "आम्ही हळूहळू पुढं होतो, मास्तर तुमच्याबरोबर थांबतील." अशी त्यांची गाडी मागे पडली आणि काकांच्या मागची जागा मला मिळाली.

बनकर फाट्याला काकांनी उजवा हात केला आणि ते वळले. मी थांबलो. पिवळा कपडा गळ्यात बांधला. रिक्षावाला गेला, ताई गेल्या. मग कोणीच नाही. दुपारचे दोन वाजलेले, सावलीला झाड नाही, हेल्मेटमधून घाम डोळ्यांत उतरत होता. पाच मिनिटे झाली असतील. तेवढ्यात मागून दहा-बारा मोठ्या गाड्या आल्या, कातडी जाकिटे घातलेली पोरे, आणि धडधडत खिंडीच्या रस्त्याला लागली. त्यांच्यातल्या एकाने जाताना माझ्या गाडीकडे पाहून अंगठा दाखवला.

फाट्यावर पाटी आहे, मी मनाशी म्हटले. वायरमन शिकलेला माणूस आहे, वाचील. मास्तर बरोबर आहेतच. आणि कपडा डिकीत टाकून मी त्या गाड्यांच्या मागे लागलो. खिंड चढताना गाडी अशी पळाली की काय सांगू. त्या दहा मिनिटांचा आनंद खरा होता, हेही लिहितो, कारण लपवून उपयोग नाही.

जुन्नरला मेहुण्यांच्या दारात काकांनी विचारले, "सगळे गेलेले बघून निघालास ना?" मी म्हणालो, "हो, येतायत मागून." पाऊण तासाने मास्तर आले. एकटेच. त्यांची चेन मढच्या पुढे उतरली होती, म्हणून त्यांनी वायरमनला पुढे पाठवले होते. "जा तुम्ही, फाट्यावर माणूस उभा आहे," असे सांगून.

काकांनी माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, "ते माझ्यासमोरून गेले नाहीत. मी बराच वेळ थांबलो होतो."

वायरमनचा फोन वहिनींच्या पिशवीत होता आणि तो लागत नव्हता. काका आणि मास्तर शोधायला निघणार, इतक्यात माझा फोन वाजला. अंबरनाथहून वायरमनचा थोरला मुलगा बोलत होता. "काका, तुम्ही लोक कुठं आहात? आई पडलीय. ओतूरच्या दवाखान्यात आहे. तिला घरचाच नंबर तेवढा पाठ होता."

झाले होते ते असे. फाट्यावर पिवळा कपडा दिसला नाही, म्हणून ही दोघे सरळ गेली. चार-पाच किलोमीटर गेल्यावरही पुढे कोणी दिसेना. मागे राहिलेला माणूस घाबरतो आणि वेग वाढवतो. काका हे आम्हाला नेहमी सांगत. एका वळणावर शेतकऱ्यांनी मळणीसाठी रस्त्यावरच बाजरी पसरली होती. तिच्या भुसावरून चाक सरकले. वायरमनचा गुडघा सोलला. वहिनींनी हात टेकला आणि मनगट मोडले. पिशवी गाडीखाली येऊन फोन फुटला. टोमॅटोचे रिकामे क्रेट घेऊन जाणाऱ्या पिकअपवाल्याने दोघांना उचलून दवाखान्यात पोहोचवले, वरून पाण्याची बाटली दिली, आणि नावही न सांगता गेला.

आम्ही पोहोचलो तेव्हा वहिनी बाकावर बसल्या होत्या, हात गळ्यात. माझ्याकडे पाहून त्या हसल्या. "भाऊजी, तुमचं पिवळं फडकं शोधत होतो आम्ही," त्या म्हणाल्या. "मी ह्यांना म्हटलं, फडकं नाही म्हणजे फाटा अजून यायचाय. चला सरळ."

त्या वेळीही मी काही बोललो नाही. औषधे आणायला म्हणून बाहेर गेलो.

रात्री मेहुण्यांच्या गच्चीवर सगळे झोपल्यावर मी काकांना खरे ते सांगितले. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "मला कशाला सांगतोस? मी काही पडलो नाही." मी उठू लागलो तेव्हा त्यांनी बसवले. "एकदा संध्याकाळच्या खेपेला एका फाट्यावर कंडक्टरनं थांबायची घंटी दिली होती. डोक्यावर भारा घेतलेली बाई धावत येत होती. मला आरशात दिसत होती. मी गाडी काढली. पुढं डेपोत सांगितलं, घंटी ऐकू आली नाही."

"मग?"

"मग काय. चार दिवसांनी ती त्याच फाट्यावर चढली. तिकीट काढलं. माझ्याकडं बघितलं आणि काही बोलली नाही."

सकाळी मी वायरमनला सांगितले. तो दात घासत होता. त्याने पूर्ण ऐकून घेतले, चूळ भरली, आणि म्हणाला, "माझी गाडी ओतूरहून आणायची व्यवस्था बघ." त्यानंतर सात-आठ महिने तो माझ्याशी बोलला नाही. भिंतीला भिंत लागून घर, सकाळी एकाच वेळी गाड्यांना किक मारायच्या, आणि बोलणे नाही. वसाहतीत राहणाऱ्यांना हे काय असते ते मी सांगायला नको.

त्याहून जड गोष्ट दुसरीच होती. वहिनी एका पोळी-भाजी केंद्रात कामाला. रोज दीडशे-दोनशे पोळ्या लाटायच्या. मनगटाला प्लास्टर म्हणजे दीड महिना काम बंद, आणि तिथे जागा कोणी रिकामी ठेवत नाही. बाहेर बायका रांगेत उभ्या असतात. मी हे घरी सांगितले तेव्हा आमची मंडळी काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला तिने पोळपाटाला हात लावायच्या आधी पदर खोचला आणि वहिनींबरोबर त्या केंद्रावर गेली. वहिनींच्या जागी दीड महिना तिने लाटले. पगार वहिनींच्या हातात. घरचा स्वयंपाक माझ्याकडे आला. माझ्या भाकरीचे वर्णन मुले अजून पाहुण्यांसमोर करतात.

एका रात्री खांद्याला तेल चोळत ती म्हणाली, "तुम्ही अजून पाच-दहा मिनिटं थांबला असतात, तर माझ्या दीड महिन्याच्या पोळ्या वाचल्या असत्या." एवढेच. पुन्हा तिने तो विषय काढला नाही.

२०१९ साली पाऊस दिवाळी झाली तरी हटेना, शेतकऱ्यांची कापलेली पिके शेतात भिजली, त्या वेळी मजेला जाण्याची कोणाची इच्छा नव्हती. २०२० साली कोरोनाने सगळेच बंद. २०२१ च्या आश्विनात काकांनीच विषय काढला. त्यांना आता लांबवर गाडी चालवणे झेपत नाही, म्हणून ते रिक्षावाल्याच्या मागे बसणार होते. मी म्हणालो, मी येत नाही. काका म्हणाले, "ये. फाटे तुझ्याकडं. सगळे."

वायरमन येईल असे मला वाटले नव्हते. शनिवारी पहाटे विहारासमोर गाड्या लागल्या, जयभीम झाला, आणि तो आला. मागे वहिनी, हातात पोळ्यांचा डबा. गाडी तीच जुनी. तो मला म्हणाला, "मागच्या चाकात हवा जरा बघतोस का?" मी बघितली. ठीक होती.

मुरबाडच्या बाहेर थांबलो, सरळगावला थांबलो, खुबी फाट्याला थांबलो. दुपारी बनकर फाट्याला आलो तेव्हा ऊन तसेच, झाड तेव्हाही नव्हते. गाडी कडेला घेतली, कपडा गळ्यात बांधला. रिक्षावाला आणि काका वळून गेले. काकांनी मागे वळून पाहिले नाही. ताई गेल्या, मुलगी आता मोठी झाली होती, मागे बसायच्या ऐवजी तीच चालवत होती. मग रस्ता रिकामा.

वीस मिनिटे झाली, पंचवीस झाली. सायकलवर गवताचा भारा घेऊन चाललेले एक म्हातारे बाबा थांबले. "गाडी बिघडली का?"

"नाही बाबा. मागचे यायचेत."

"वाट चुकलं का?"

"नाही. यायचेत."

ते थोडा वेळ माझ्याबरोबर उभे राहिले, तंबाखू मळली, आणि गेले. मग वळणावर ती जुनी गाडी दिसली. दोन माणसे, मागे डबा. वायरमनने फाट्याजवळ वेग कमी केला, उजवा दिवा दाखवला आणि वळला. वहिनींनी तो बरा झालेला हात वर केला आणि ओरडून म्हणाल्या, "भाऊजी, चला आता! पोळ्या गार होतायत."

"मास्तर यायचेत अजून," मी म्हणालो.